गाडीचा हुक्का

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळ सरळ निघते आणि पानाच्या टोकाला जाईपर्यंत उताराला लागते. शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. चौथीनंतर शाळा सुटली, आणि पुढं पेन हातात आलं ते सहीपुरतंच. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर माझ्या चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं आहे ते आमच्या मोटारीबद्दल. म्हणजे सगळ्या मोटारीबद्दल नाही, तिच्या इंजिनाला आम्ही मागाहून बसवलेल्या हवेच्या डब्याबद्दल. एका डब्याबद्दल काय लिहायचं, असं मलाही वाटतं. पण त्या दोन वर्षांतलं दुसरं काही आठवायला बसले तरी शेवटी तो डबाच डोळ्यांपुढं येतो.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. सुप्याच्या सडकेपासून आत. घरात आम्ही तिघं. हे, मी, आणि ह्यांची थोरली बहीण. त्यांना सगळा गाव आक्का म्हणायचा, मीही आक्काच म्हणे. नवरा गेल्यावर त्या माहेरी भावाकडे आल्या, त्या इथल्याच झाल्या. ह्यांनी काही वर्षं ट्रक चालवला होता. मग नगरच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार विकत घेतली आणि भाड्यानं चालवायला लागले. आजारी माणूस नगरला न्यायचा, नवरा-नवरी आणायची, बाजारच्या दिवशी सीटा भरायच्या. त्यावर आमचं घर चाले.

दुष्काळाचं साल लागलं आणि रस्त्याची माती मोकळी झाली. पाऊस नाही म्हणून ती बसेना. त्यातच ठिकठिकाणी खडी फोडायची, रस्ते करायची सरकारी कामं निघाली. त्यांचे ट्रक, बैलगाड्या आणि कामावर जाणारी माणसं, सगळ्यांच्या पायाखाली ती माती पिठासारखी झाली होती. समोरून ट्रक गेला की हे गाडी थांबवत आणि धुरळा खाली बसायची वाट बघत. घरी आले की भुवया पांढऱ्या झालेल्या असत.

माणूस आंघोळ करतो. इंजिनानं काय करावं? मोटारीतून निळा धूर यायला लागला. ऑइल पिऊ लागली. चढाला दम टाकू लागली. नगरच्या मिस्त्रींनी इंजिन खोललं, झिजलेले सिलिंडर घासून बोअर केले, नवे पिस्टन-रिंगा टाकल्या. त्याचे पैसे आक्कांनी दिले. दुष्काळात चारा नाही म्हणून त्यांनी आपली म्हैस विकली होती, ते पैसे. त्यांचीच म्हैस. तिच्या दुधावर त्या कुणापुढं हात पसरत नसत. पाऊस पडला की दुसरी घ्यायची म्हणून जपून ठेवलेले पैसे होते. "गाडी चालली तर म्हस येईल," एवढंच बोलल्या आणि देऊन टाकले.

आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ऑइल पुन्हा कमी व्हायला लागलं. थोडंच, पण व्हायला लागलं.

ह्यांचा एक जुना सोबती मुंबईत ट्रकवर होता. तो सारखा निरोप पाठवी की इकडं ये, पगार चांगला आहे. हे एकदा जेवताना म्हणाले, "पुन्हा बोअर करायची वेळ आली तर मी न्हाई करायचो. गाडी इकून टाकायची, आक्काचे पैसे द्यायचे न् मुंबई गाठायची." आक्कांनी ह्यांच्या ताटात भाकरी वाढली. माझा घास तोंडातच फिरत राहिला. ट्रकवरची माणसं कधी घरी येतात ते मला ठाऊक होतं. लग्नानंतरची पहिली वर्षं मी तशीच काढली होती, रस्त्याकडं कान लावून. ह्यांना घरी ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ते इंजिन.

त्या सुमारास माझ्या हातातल्या बांगड्या पिचल्या होत्या. आक्का म्हणाल्या, "गाडी मोकळीच चाललीय नगरला. जा, बांगड्या भरून ये." म्हणून मी गेले. बांगड्या भरून झाल्यावर ह्यांनी गाडी मिस्त्रींकडं घातली आणि मला तिथं एका खोक्यावर बसवलं. मिस्त्री मुसलमान, वयानं मोठे, दाढी पांढरी, पण हात काळे. मी पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून बसले. पण कान काही भिंतीकडं करता येत नाहीत.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. इंजिनावर एक चपटी गोल डबी होती, तीतून हवा आत जाते. ती त्यांनी काढली, आत बोट फिरवलं आणि ह्यांच्या नाकापुढं धरलं.

"भाऊ, तुमची गाडी पेट्रोल कमी पिते, माती जास्त खाते."

"रस्ताच तसा हाय, मिस्त्री. मी काय करू?"

"रस्ता नाही बदलणार. नाक बदला. ही डबी शहरातल्या डॉक्टरची आहे. एवढीशी जाळी. तुमच्या रस्त्याला ट्रॅक्टरचं नाक पाहिजे." त्यांनी कोपऱ्यातून एक उभा, हंड्यासारखा काळा डबा ओढून काढला. मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा होता. "हवा वरून येणार, खाली तेलावर आपटणार, माती तेलात राहणार, हवा वर जाळीतून गाळून इंजिनात जाणार. शेतात नांगरताना ट्रॅक्टर काय धूळ खात नाही? पण त्याचं इंजिन टिकतं."

हे हसले. "गाडी माझी न् नाक ट्रॅक्टरचं? लोकं हसतील."

"लोक हसतील तर हसू दे. इंजिन रडू नये."

किंमत ऐकून ह्यांनी डबा पायानंच परत कोपऱ्यात सारला.

येताना केडगाव मागं पडेपर्यंत मी बोलले नाही. मला बोलायला वेळच लागतो. मनात वाक्य तयार करते आणि ते म्हणेपर्यंत बोलण्याचा विषय पुढं गेलेला असतो. पण त्या दिवशी गाडीत आम्ही दोघंच होतो आणि रस्ता लांब होता. मी म्हटलं, "बाजरी पाखडताना मी नाकाला पदर लावते."

"मग?"

"काही नाही. गाडीला पदर नाही, एवढंच."

कामरगावचा घाट चढून सपाटीला लागल्यावर हे म्हणाले, "मिस्त्रीनं तुला काय पैसं दिलं का गं?" म्हणजे त्यांना पटलं होतं.

आक्कांना सांगितलं. त्यांनी म्हशीच्या पैशातली उरलेली पुरचुंडी सोडली. "एवढं गेलं, ह्येबी जाऊ दे," म्हणाल्या. "पन ह्ये मात्र परत पायजे. समदं. मला मरताना माज्या म्हशीचं दूध पायजे." त्या हसत बोलल्या, पण ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

पैसे माझ्या कनवटीला दिले. ह्यांच्या खिशावर बाजारच्या गर्दीत आक्कांचा विश्वास नव्हता. म्हणून डबा बसवला त्या दिवशीही मी त्याच खोक्यावर होते, आणि या वेळी दिवसभर. दुपारनंतर मी भिंतीकडं बघायचं विसरून गेले.

जुनी डबी निघाली तशी खाली इंजिनाचं तोंड दिसलं, आतून पिवळट, मातीनं माखलेलं. ते मिस्त्रींनी पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं. नवा डबा कुठं ठेवायचा हा मोठा प्रश्न होता. बॉनेटखाली जागा नव्हती. बॅटरी थोडी पलीकडं सरकवली, लोखंडी पट्टी वाकवून, भोकं पाडून बाजूच्या पत्र्याला कसली आणि तिच्यावर डबा उभा केला. तरी बॉनेट त्याच्या डोक्याला लागत होतं. पुन्हा काढला, पट्टी आणखी वाकवली. हे म्हणाले, "बॉनेटलाच भोक पाडा की." मिस्त्री म्हणाले, "टोपी फाडून डोकं बसवत नाहीत."

डब्यापासून इंजिनाच्या तोंडापर्यंत रबरी नळी आली. पण इंजिनाचं तोंड वर आणि नळी आडवी. मधे कोपरासारखा वळणाचा तुकडा पाहिजे होता. तो शेजारच्या पत्रेवाल्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वळवून, सांध्याला कथलाचा डाग मारून करून दिला. शेवटी खालची वाटी काढली. चांगली मोठी, आमच्या कालवणाच्या पातेल्याएवढी. आत एक रेघ कोरलेली होती. मिस्त्रींनी तिथंपर्यंत ऑइल ओतलं आणि ह्यांना वाटी दाखवली. दाखवताना ती जरा माझ्याकडंही वळवली, असं मला वाटलं.

"ह्या रेघेपर्यंत. खाली नाही, वर नाही. कमी असलं तर माती धरणार नाही. जास्त झालं तर इंजिन तेल ओढून घेईल. आठवड्याला वाटी धुवायची, रॉकेलनं."

गाडी चालू केली तेव्हा आवाज बदललेला होता. आधी फुरफुर असे. आता खोल, एखाद्या म्हाताऱ्यानं श्वास घ्यावा तसा घूं लागला. हे खूश झाले नाहीत. घाटात म्हणाले, "वढ कमी वाटतीय." मग थोड्या वेळानं, "न्हाई, तशीच हाय." मग वर पोचल्यावर, "काय कळंना."

गावात मात्र सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी पारावर गाडी उभी केली तर माणसं बॉनेटात डोकी घालून बघायला लागली. तेल आणि नळी बघून कुणी तरी म्हणालं, "आयला, गाडी हुक्का ओढायला लागली!" झालं. तेव्हापासून ती हुक्कावाली गाडी. नगरला जाणारी म्हातारी माणसं गाडीत बसताना विचारत, "आज चिलीम भरलीय का रं नीट?" हे चिडत. मला मनातून तो शब्द आवडला होता.

पण डबा कामाचा आहे की नाही, हे कळायचं कसं? मिस्त्रींनी एक युक्ती सांगितली होती. आठ-दहा दिवस गाडी चालली की इंजिनाकडची नळी सोडवायची आणि आतून पांढरं फडकं फिरवायचं. फडकं स्वच्छ निघालं तर माती बाहेर राहतेय. मळलं तर आत चाललीय. पांढरं फडकं माझ्याकडं होतं, पुरण गाळायचं जुनं. ह्यांनी नळी सोडवली. माझा हात लहान म्हणून मीच आत घातला आणि फडकं बाहेर काढलं.

पिवळं होतं. पहिल्यापेक्षा कमी, पण पिवळंच.

ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि ओट्यावर टाकलं. "गेलं आक्काचं पैसं," म्हणाले आणि परसात निघून गेले. मी फडकं उचललं. डब्याची वाटी उघडून बघितली, तर तेलाच्या तळाशी चांगला बोटभर गाळ होता. एवढी माती वाटीनं धरली होती, मग आत गेली ती कुठून? मला त्याचा उलगडा होईना. स्वयंपाक करताना, भांडी घासताना तेच डोक्यात. पीठ चाळणीतून चाळलं तरी कणीक कचकचते, तेव्हा दोष चाळणीचा नसतो. पीठ ज्यात पडतं त्या परातीत आधीच खडा असतो. पण नळी तर मिस्त्रींनी आतून पुसून दिली होती.

ह्यांची सकाळची एक रीत होती. गाडी चालू करून गरम होऊ द्यायची, बॉनेट उघडायचं, उदबत्ती लावून आधी इंजिनाभोवती ओवाळायची आणि मग आतल्या देवाच्या तसबिरीपुढं खोचायची. त्या सकाळी मी दारात सडा घालत होते. उदबत्तीचा धूर वर जात होता. पत्र्याच्या कोपराजवळ आला तसा तो वर जायचा थांबला, वाकला, आणि कोपराच्या सांध्यात शिरला. जणू कुणी आतून ओढून घेतलं.

मी बादली खाली ठेवली. "अहो."

"काय?"

"उदबत्ती पुन्हा तिथं न्या."

"कुठं? देवाला लावायचीय."

"आधी तिथं. कोपराजवळ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सकाळी सकाळी असं काही सांगत नसे, म्हणूनच असेल, पण त्यांनी उदबत्ती खाली धरली. धूर पुन्हा वाकला आणि सांध्यात गेला. त्यांनी उदबत्ती डाव्या अंगानं नेली, धूर सरळ वर. उजव्या अंगानं आणली, धूर आत.

"आयला," हे म्हणाले, "हितनं वढतीय व्हय!" मग मोठ्यानं, "आक्का, बाहीर या! गाडी उदबत्ती ओढतीया!"

आक्का बाहेर आल्या. त्यांनी धूर बघितला आणि हात जोडले. त्यांना तो देवाचाच काही चमत्कार वाटला.

सांध्याचा डाग एका जागी सुटला होता. हादऱ्यानं सुटला असेल. त्या फटीतून इंजिन थेट रस्त्यावरची माती ओढत होतं, डब्याला फाटा देऊन. सुप्याच्या बाजारात पत्रेवाला बसायचा. त्याच्याकडून नवा डाग मारून घेतला, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. मिस्त्रींना ही हकीकत सांगितली तर ते आधी हसले आणि मग रागावले. "पेट्रोलजवळ उदबत्ती नेता? देव वाचवेल भाऊ, पण गाडी जळेल!" तेव्हापासून ओवाळणं बॉनेट मिटून व्हायला लागलं.

पुढच्या वेळी फडकं पांढरं निघालं. मी ते उलटसुलट करून बघितलं. ह्यांना दाखवलं, आक्कांना दाखवलं. आक्का म्हणाल्या, "ह्यात काय बगायचं? काहीच न्हाई." मी म्हटलं, "काहीच नाही, तेच बघायचं."

वाटी धुवायचं काम माझ्याकडंच आलं. परसात दगडावर बसून मी तो गाळ खरवडून काढी, रॉकेलनं वाटी पुसून घेई, रेघेपर्यंत नवं ऑइल ओते. काजळासारखा काळा, मऊ गाळ. बोटांत चोळला की मऊपणाच्या आत कचकच लागे. मला वाटे, ही सगळी माती इंजिनात गेली असती. मग वाटे, रस्त्यावरून खडी फोडायला जाणाऱ्या बायकाही हीच माती आत घेतात, पोरं पाठीला बांधून. त्यांच्यासाठी कोण डबा बसवणार? असलं काही मनात आलं की मी बराच वेळ तिथंच बसून राही. आक्का हाक मारीत, "झाली का गं आंगूळ तुज्या लेकीची?"

ऑइल पिणं होतं तिथंच थांबलं. ओढ तशीच राहिली, ना वाढली ना कमी झाली, पण धूर दिसेना. मुंबईचं नावही घरात निघेना. मला ते पुष्कळ होतं.

मग दसरा आला. पाऊस त्या सालीही नव्हताच, पण दसरा तो दसरा. हत्यारं, अवजारं पुजायची, तशी मोटार पुजायची. मी आत पुरणावर होते. ह्यांनी मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, आणि सणाचा दिवस म्हणून डब्याची वाटीही स्वतःच धुवून ओट्यावर ठेवली. मिस्त्रींचं ऐकून रेघेपर्यंतच तेल ओतत होते, तर आक्का शेजारी उभ्या. आमच्याकडं सणाच्या दिवशी पूजेतलं कुठलंही भांडं अपुरं ठेवत नाहीत. समई काठोकाठ, कलश काठोकाठ, धान्याचं मापही शिगेला. "आरं, आज तरी अर्दं ठिवू नगं," आक्का म्हणाल्या. हे म्हणाले, "रेघेपर्यंतच सांगितलंय." "रेघ रोजची हाय. आज सण हाय." ह्यांनी काठोकाठ भरली. हे सगळं मला नंतर कळलं.

देवळापर्यंत गाडी हळू गेली, काही झालं नाही. उलट ह्यांच्या डोक्यात आलं की जास्त तेल म्हणजे जास्त माती धरेल, मग सणापुरतंच कशाला. दुसऱ्या दिवशी नगरची खेप होती. घाटात मागं बघितलं तर निळा धूर. तसाच, बोअर करायच्या आधी यायचा तसा. हे घरी आले ते काळं पडलेलं तोंड घेऊन. वाटीत तेल थोडं कमी दिसलं, तर वरून आणखी भरलं. धूर वाढला. मिस्त्रींकडं गेले नाहीत. म्हणाले, "तो खोलाच म्हनणार. मला म्हाईत हाय ह्यो धूर. रिंगा गेल्या."

मी विचारलं, "वाटी मी धुवू का?"

"आता कशाला? इंजिनच गेलं, वाटी धुवून काय करती?"

मी रॉकेलची बाटली परत जागेवर ठेवली. रेटून बोलणं मला जमतच नाही.

श्रीगोंद्याकडचा एक व्यापारी जुन्या गाड्या घेई. त्याला निरोप गेला. तो दोन दिवसांनी दुपारचा आला, धोतर, काळी टोपी, मोठ्यानं बोलणारा. ह्यांनी बॉनेट उघडून गाडी चालू केली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. धूर बघून तो म्हणाला, "ही तर चूल हाय. पत्र्याचा भाव देतो." आक्का ओट्यावर बसून जमिनीकडं बघत होत्या.

तेव्हा मला दिसलं. डब्याच्या बाहेरून, वाटीच्या चापाखालून, तेलाचा एक ओघळ खाली आलेला होता, त्यावर माती चिकटून काळा झालेला. इतक्या वेळा मी ती वाटी धुतली होती, तिच्या बाहेर कधी तेल आलं नव्हतं. रेघ काठापासून खूप खाली असते.

परक्या माणसापुढं जाऊन बोलायचं म्हणजे माझे पाय जमिनीला चिकटतात. मी आक्कांजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आक्का, त्यांना गाडी बंद करायला सांगा. वाटी बघायचीय."

"तूच सांग की. तोंड हाय ना?"

मी नाही सांगू शकले. पण पुढं गेले. ह्यांच्या शेजारून हात घालून किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी डब्याचे चाप उघडले, वाटी दोन्ही हातांनी खाली घेतली आणि तशीच ओट्यावर नेऊन ठेवली. तेल काठाला डुचमळत होतं. थोडं माझ्या हातावर सांडलं, थोडं लुगड्यावर. आणि मी रेघेवर, म्हणजे तेलाखाली जिथं रेघ होती तिथं, बोट बुडवून दाखवलं.

हे बघत राहिले. आक्कांना आधी कळलं. "आगं बया," त्या उठल्या, "म्याच म्हनलं रं त्याला! सणाला अपुरं नगं म्हनलं!"

"न् मी रोजच सण केला," हे म्हणाले.

व्यापारी म्हणाला, "काय चाललंय तुमचं? सौदा करायचाय का सैपाक?"

ह्यांनी वाटीतलं तेल रेघेपर्यंत आणलं, नळी सोडवून आतून पुसली, आणि गाडी चालू केली. धूर आलाच. तेवढाच, निळा. व्यापारी हसला. पण हे म्हणाले, "आत गेलेलं तेल जळू द्या जरा. चला बसा, कामरगावापर्यंत जाऊन येऊ. पटली तर घ्या." आणि तो बसला. फुकटात फिरायला मिळतंय म्हणून असेल.

आक्का आणि मी ओट्यावर बसून राहिलो. मी हातावरचं तेल पुसत होते, ते निघत नव्हतं. पुष्कळ वेळानं आवाज आला, तो घूं. गाडी वळणावर दिसली. मी तिच्या मागं बघत होते. मागं फक्त धुरळा होता, पांढरा, रस्त्याचा.

व्यापारी उतरला तो थेट माझ्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, मोडलात माझा सौदा! घाटात वर चढली न् मागं काडीचा धूर न्हाई. आता चांगला भाव देतो म्हनलं तर हा बाबा बोलायला तयार न्हाई." मी पदर ओढून आत गेले. आतून ऐकलं, हे म्हणत होते, "इकायची न्हाई. च्या घेऊन जा."

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्रींनी एकदा इंजिनाचं डोकं उघडलं, नुसतं बघायला. सिलिंडरच्या वरच्या अंगाला नख फिरवलं. झिजलेलं असलं तर तिथं कड लागते म्हणे. त्यांनी नख पुन्हा फिरवलं आणि ह्यांनाही फिरवायला लावलं. कड नव्हती. "गाडीनं दुष्काळ काढला," म्हणाले. मग माझ्याकडं, खोक्याकडं बघून, "भाभी, आता तरी इकडं तोंड करून बसा." मी हसले, पण तोंड काही वळवलं नाही. वळवायला हवं होतं, असं आता वाटतं.

त्या डब्यानं गाडी पळायला लागली, असं काही झालं नाही. ओढ वाढली नाही, पेट्रोलही वाचलं नाही. कुणी विचारलं असतं तर मला सांगायला एवढंच होतं, की जे व्हायचं होतं ते झालं नाही. पण घरात बसून रस्त्याकडं कान लावणाऱ्या बाईला, न झालेल्या गोष्टीची किंमत कळते.

पुढं पाऊस झाला. रस्ते दबले. लग्नसराई चांगली गेली. हे दर बाजारच्या दिवशी आक्कांच्या हातात काहीतरी ठेवू लागले, कधी थोडं, कधी जास्त, कधी नुसतंच "पुढच्या वेळी" म्हणून. आक्का कधी मागत नसत आणि कधी विसरतही नसत. त्यांचा हिशेब त्यांच्या तोंडात होता.

एका श्रावणातल्या सोमवारी हे नगरहून आले, हातपाय धुतले आणि आक्कांपुढं बसून खिशातल्या नोटा काढून दिल्या. आक्कांचा उपवास होता, त्या शेंगदाणे भाजत होत्या. कढई खाली उतरवून त्यांनी पदराला हात पुसले, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि ओठ हलवत बोअरचे किती, डब्याचे किती, आजवर आले किती, ते मनाशी जुळवलं. मग त्यांनी नोटांची घडी कनवटीला लावली, वरून हात दाबला आणि म्हणाल्या, "फिटलं रं बाबा समदं. आता काई न्हाई तुज्याकडं."